'थेरपिस्ट' ही पाटी कोण लावू शकतं? पुनर्वास परिषद आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, भारतीय पुनर्वास परिषद
मा. अध्यक्ष व सदस्य, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग

विषय : विकासात मागे पडलेल्या सहा वर्षांखालील मुलांसोबत काम करणाऱ्यांची पात्रता, नोंदणी आणि तिची पडताळणी

महोदय / महोदया,
सविनय नमस्कार.

मागच्या महिन्यात लेकीच्या श्रवणयंत्राच्या तपासणीला गेले होते. बाहेरच्या बाकावर एक तरुण आई बसली होती. मांडीवर वीस महिन्यांचा मुलगा, अजून उभा न राहणारा, अजून न बोलणारा. बोलता बोलता तिनं मोबाइल पुढे केला आणि एक फोटो दाखवला. फ्रेममध्ये लावलेलं प्रमाणपत्र, सोनेरी किनार, खाली दोन सह्या. "ताई, या मॅडमकडे सोमवारपासून सेशन सुरू करतोय. सर्टिफाइड आहेत ना त्या?" मी फोटो मोठा करून वाचला. तीन दिवसांच्या कार्यशाळेला हजर राहिल्याचं ते प्रमाणपत्र होतं.

तिनं मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मला सरळ उत्तर देता आलं नाही. या विषयात दहा वर्षं घालवूनही देता आलं नाही. नाव कुठल्या यादीत शोधायचं, ती यादी कुणाची, त्या यादीत नाव असलं तरी ती व्यक्ती वीस महिन्यांच्या बाळासोबत काम करायला शिकलेली आहे का, हे मी तिला पंधरा मिनिटं समजावत होते. तिचा नंबर आला आणि ती उठून गेली. ते पंधरा मिनिटांचं उत्तर एका वाक्याचं का होऊ शकत नाही, हे तुम्हाला विचारण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. जाहीरपणे लिहिते आहे, कारण त्या बाकावर रोज कुणीतरी बसलेलं असतं.

आधी माझी गोष्ट सांगते.

माझी लेक एकोणीस महिन्यांची झाली तरी एकही शब्द बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नसे. घरातले म्हणायचे, काही मुलं उशिरा बोलतात, एवढी काळजी करू नकोस. मला चैन पडेना. चौकशी करत करत आम्ही एका चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरमध्ये पोचलो. सेंटर मोठं, स्वच्छ, भिंतीवर रंगीत फुलपाखरं. पहिल्याच भेटीत वीसेक मिनिटं तिला खेळताना पाहून आम्हाला सांगण्यात आलं की ऑटिझमची लक्षणं आहेत, लगेच सुरू करायला हवं. 'लगेच' हा शब्द कानावर पडल्यावर समोरच्याचं शिक्षण विचारायचं भान कुठल्या आईबापांना राहतं? आम्ही त्याच दिवशी फी भरली.

आठवड्यातून तीन दिवस, पाऊण पाऊण तास. मला आत येऊ देत नसत. आई दिसली की मूल काम करत नाही, असं कारण सांगितलं होतं. मी बाहेर बसून असायची. दर महिन्याला प्रोग्रेस रिपोर्ट मिळे. त्यात 'सिटिंग टॉलरन्स' (एका जागी बसून राहणं) आणि 'आय कॉन्टॅक्ट' यांच्यापुढे टक्के लिहिलेले असत. टक्के वाढत होते. शब्द एकही येत नव्हता.

लेकीला एक सवय होती. वॉशिंग मशीन सुरू झालं की ती धावत जाऊन दोन्ही तळहात त्याला टेकवून उभी राहायची, थांबेपर्यंत. रात्री मी अंगाई म्हणायला लागले की माझ्या गळ्यावर हात ठेवायची आणि मी गप्प झाले की डोळे उघडून माझ्याकडे पाहायची. मी हे सेंटरवर सांगितलं. त्यांनी ते 'बिहेवियर इश्यूज' या रकान्यात लिहून घेतलं आणि घरी काय करायचं ते सांगितलं. हात गळ्याशी आला की शांतपणे खाली घ्यायचा, 'हँड्स डाउन' म्हणायचं, दर वेळी म्हणायचं, कंटाळायचं नाही. मी ते केलं. मन लावून केलं. कित्येक महिने रोज रात्री तिचा हात माझ्या गळ्यावरून उचलून मी खाली ठेवत होते.

अकरा महिन्यांनी आम्हाला घर बदलावं लागलं म्हणून सेंटर बदललं. नव्या ठिकाणच्या स्पीच थेरपिस्टनं जाडजूड फाइल चाळली आणि विचारलं, "कानांचा रिपोर्ट कुठाय?" तो नव्हताच. दार आपटलं की लेक दचकायची, त्यामुळे तिला ऐकू येतं हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. त्या बाईंनी टेबलाखालून लाकडावर बोटं वाजवली. लेक आली आणि टेबलावर तळहात पसरून उभी राहिली. "ही आवाज हातानं शोधतेय," त्या म्हणाल्या. "तपासणी झाल्याशिवाय मी काहीच सुरू करणार नाही." आठवड्याभरात बेरा टेस्ट झाली, म्हणजे आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी कानांची तपासणी. दोन्ही कानांत तीव्र श्रवणदोष निघाला.

या क्षेत्रात जगभर मानलं जाणारं वेळापत्रक 1-3-6 असं आहे. पहिल्या महिन्यापर्यंत श्रवणाची प्राथमिक चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. माझ्या लेकीचं निदान झालं तिसाव्या महिन्यात. त्यातले एकोणीस महिने आमच्या न कळण्यात गेले, हे मी मान्य करते. पुढच्या अकरा महिन्यांत मात्र आम्ही आठवड्यातून तीनदा 'तज्ज्ञां'च्या दारात उभे होतो.

सेंटरवर तिच्यासोबत काम करणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची होती, प्रेमळ होती. लेक रडली तर तिच्याही डोळ्यांत पाणी यायचं. पुढे कळलं की तिनं कॉमर्सची पदवी घेतली होती आणि त्याच सेंटरचा काही आठवड्यांचा कोर्स पदरचे पैसे भरून केला होता. बोलत नसलेल्या मुलाचे कान सगळ्यात आधी तपासायचे असतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं नाही, आणि ती शिकली आहे का हे कुणी विचारलंही नाही. तिच्यावर माझा राग नाही. विचारणं ज्यांचं काम आहे त्यांच्याकडे मी आले आहे.

कायदा आहे, पण तो दारापर्यंत पोचत नाही

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम 1992 साली झाला आणि 22 जून 1993 पासून लागू आहे. त्याच्या कलम 13 प्रमाणे केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसलेल्या माणसाला देशात कुठेही पुनर्वास व्यावसायिक म्हणून (म्हणजे स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक वगैरे) काम करता येत नाही. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही तरतूद मला लेकीच्या निदानानंतर चार वर्षांनी समजली, तीसुद्धा एका दुसऱ्या पालकाकडून. 1000 रुपये! ज्या धंद्यात एका मुलाची महिन्याची फी याच्या कितीतरी पट असते, तिथे हा आकडा कुणाला घाबरवणार?

त्याहून मोठी अडचण अशी की हे सगळं कुणीतरी तक्रार केली तरच होणार. सेंटर उघडताना कोण काय शिकलंय हे तपासायला कुणी आल्याचं मी आजवर ऐकलं नाही. पाटीवर नोंदणी क्रमांक मला क्वचितच दिसला आहे. औषधांच्या दुकानात फार्मासिस्टची नोंदणी भिंतीवर लावलेली असते. लहान मुलाच्या मेंदूशी ज्यांचं काम आहे त्यांच्या भिंतीवर फुलपाखरं असतात.

एक मूल, दोन कायदे, दोन मंत्रालयं

विकासात मागे पडलेल्या मुलाला सहसा एकाच माणसाची गरज नसते. माझ्या ओळखीतला एक तीन वर्षांचा मुलगा आठवड्यात चार खोल्यांत जातो. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं करायला शिकवणारे), फिजिओथेरपिस्ट. यातले पहिले दोघे सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या पुनर्वास परिषदेच्या यादीत. उरलेले दोघे आरोग्य मंत्रालयाकडे, 2021 च्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याखाली. महाराष्ट्रात या दोघांसाठी त्याआधीपासून 2002 च्या अधिनियमाची राज्य परिषदही आहे. मानसशास्त्रज्ञांची तर आणखी वेगळीच विभागणी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पुनर्वास परिषदेकडे, बाकीचे नव्या आयोगाच्या यादीत. बिहेवियर ॲनालिस्ट, म्हणजे मुलाच्या वागण्यावर काम करणारे, तेही त्याच यादीत.

2021 चा कायदा राज्याराज्यांत प्रत्यक्षात यावा म्हणून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. ही कायद्याची गुंतागुंत तुम्ही रोज हाताळता, तुमच्या अंगवळणी पडली असेल. ज्या आईला कालच कळलंय की आपलं मूल मागे आहे, तिनं ती उलगडायची कशी? तिला स्पीच, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), बिहेवियर यांतला फरकही अजून कळलेला नसतो.

सरकारलाच हे वेगळं वेगळं चालत नाही हे माहीत आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप (अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे लहान वयातच मदत सुरू करणं) केंद्रांची जी रचना ठरली, तिच्यात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण आणि वाचातज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका छपराखाली आहेत. मुलासाठी छप्पर एक ठेवलं आणि नोंदवह्या वेगळ्या ठेवल्या.

पदवी आहे, पण बाळांसोबतचं शिक्षण?

ही माझी सगळ्यात महत्त्वाची तक्रार आहे. बोगस माणसं बाजूला काढली तरी ती संपत नाही.

वाचा आणि श्रवणाची पदवी चार वर्षांची, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. त्या काळात विद्यार्थी पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या आजोबांना बघतात, तोतरं बोलणारी शाळकरी मुलं बघतात, श्रवणयंत्रं बसवतात. ऑक्युपेशनल थेरपीत हाताच्या दुखापतीपासून मनोविकारापर्यंत सगळं येतं. हे शिक्षण भक्कम आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण पदवी घेऊन बाहेर पडलेल्या माणसानं दोन वर्षांखालची किती मुलं हाताळली आहेत, कुणाच्या देखरेखीखाली, हे त्या पदवीवरून मला कळत नाही. नोंदणी क्रमांकावरूनही नाही. वयस्कर रुग्णाला 'हात उचला' म्हणता येतं. चौदा महिन्यांच्या बाळाला काहीच 'म्हणता' येत नाही. तिथे सगळं काम खेळातून, दिनक्रमातून आणि आईच्या हातांतून करायचं असतं.

नुसता कोर्स आणि खरं प्रशिक्षण यांत काय फरक पडतो, ते एका उदाहरणानं सांगते. सात-आठ महिन्यांचं बाळ. झोपेतून उठलं की अचानक पुढे वाकतं, हात पसरतं, पुन्हा सैल होतं. दहा सेकंदांनी पुन्हा तसंच, आणि मग पुन्हा. घरात म्हणतात पोटात दुखतंय, दचकतंय. त्याच सुमारास ते हसायचं कमी होतं, बसायला लागलेलं पुन्हा कलंडतं. प्रशिक्षित डोळ्याला हे एका भेटीत खटकतं. ही इन्फंटाइल स्पाझम्स असू शकतात, म्हणजे फिटचा असा प्रकार ज्यात उपचाराला होणारा उशीर बाळाच्या पुढच्या विकासाला भोवतो. ज्याला हे शिकवलंय तो व्यायाम तिथेच थांबवतो आणि त्याच दिवशी बाळाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. ज्याला शिकवलेलं नाही तो चार्टवर लिहितो, 'मान धरण्याचे व्यायाम वाढवणे.' दोघांच्या दारावरची पाटी सारखीच असते.

गिळताना ठसकणाऱ्या बाळाचंही असंच. ठसका म्हणजे घास श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता. हे ठाऊक नसलेल्या माणसानं यूट्यूबवर पाहिलेले ओठ-जिभेचे व्यायाम सुरू केले की बाळाला न्यूमोनिया झाल्यावरच ते उघडकीला येतं.

आणि आईबाप. लहान मुलांच्या शीघ्र हस्तक्षेपाचा गाभाच हा की थेरपिस्टनं पालकांना शिकवायचं. आठवड्यातली दोन-अडीच तासांची सेशनं एकीकडे आणि मूल जागं असतं ते उरलेले सगळे तास दुसरीकडे. अंघोळ, कपडे घालणं, झोपवणं यांतच शिकणं व्हायचं असतं. मला अकरा महिने दाराबाहेर बसवलं, ते कुणाचं व्यक्तिगत वाईट वागणं नव्हतं. पालकांसोबत काम करणं हे एक कौशल्य आहे आणि ते तिथे कुणी शिकलेलंच नव्हतं. चांगल्या पदव्या असलेल्या कितीतरी ठिकाणी आजही पालक बाहेरच बसतात. अमेरिकेत 1986 च्या कायद्यानं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी व्यवस्था उभी राहिली, तेव्हा त्यातली योजनाच मुळी कुटुंबासाठी लिहायची ठरली आणि काम करणारी माणसं त्या कामासाठी पात्र हवीत असं कायद्यातच आलं. आपल्याला ती व्यवस्था जशीच्या तशी उचलायची गरज नाही. बाळासाठी पात्रता वेगळी लागते, एवढं तरी कागदावर यावं.

आपल्याकडे जिल्हा केंद्रांच्या मंजूर पदांत 'अर्ली इंटरव्हेन्शनिस्ट कम स्पेशल एज्युकेटर' असं पद आहे. अर्ली इंटरव्हेन्शनची पदव्युत्तर पदविकाही आहे. पुनर्वास परिषद ज्या 16 व्यवसायगटांची नोंदणी करते त्यांत मात्र या नावाचा गट नाही. पद आहे, अभ्यासक्रम आहे, नोंदवहीत रकाना नाही. डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी विकासमापनाची चाचणी अनेक वर्षं खपून उभी केली, ती आज डासी या नावानं देशभर वापरली जाते. तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी 67 कारक (हालचालींच्या) आणि 163 मानसिक बाबी. ती कोण करू शकतं आणि त्याखाली कोण सही करू शकतं, हे मला एक पालक म्हणून कुठे तपासता येतं?

सहायकांना एकटं सोडलं जातं

बिहेवियर थेरपीतल्या तंत्रज्ञ पातळीच्या प्रशिक्षणाला चाळीस तास लागतात. मूळ कल्पनेत हा माणूस पर्यवेक्षकाच्या हाताखाली काम करतो, स्वतः योजना ठरवत नाही. इथे तोच माणूस असेसमेंट करतो, निदान सांगतो, पालकांना सल्ला देतो. बऱ्याच ठिकाणी असेसमेंट सीनियर मॅडम करतात आणि पुढचे सहा महिने त्या मुलाला दिसतही नाहीत. कोण कुणाच्या देखरेखीखाली आहे आणि ती देखरेख आठवड्यात किती तास होते, हे लिहून देण्याचं बंधन असायला हवं.

तक्रार करायची कुठे?

मी तेव्हा तक्रार केली नाही. डॉक्टर नव्हते, म्हणून वैद्यकीय परिषद नाही. नोंदणीच नव्हती, म्हणून नोंदणी रद्द करा असंही म्हणता येत नव्हतं. शिस्तीची कारवाई होऊ शकते ती नियम पाळून नोंदणी करणाऱ्यावर. जो नोंदणीच करत नाही त्याच्यासाठी पोलीस ठाणंच उरतं असं मला वाटलं, आणि मांडीवर मूल घेऊन तिथे कोण जाणार?

आता एक उत्तर मला नेहमी मिळतं, ते इथेच घेते. "माणसंच कमी आहेत. नियम कडक केले तर आहेत तेही जातील, खेड्यापाड्यांत तर कुणीच उरणार नाही." यात तथ्य आहे, मी ते झटकून टाकत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या पाच ठिकाणच्या पाहणीत 2 ते 6 वर्षं वयोगटात सुमारे 9 टक्के आणि 6 ते 9 वयोगटात सुमारे 14 टक्के मुलांमध्ये मज्जासंस्थेच्या विकासाशी संबंधित एखादी तरी अडचण आढळली. एवढ्या मुलांना पुरतील इतके तज्ज्ञ उद्या उभे राहणार नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 25 सांगतं की सगळ्या मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करून जोखमीची मुलं शोधावीत. शोधलेलं मूल पुढे कुणाच्या हातात द्यायचं, हा प्रश्न दर वर्षी वाढतच जाणार.

पण माणसं कमी आहेत म्हणून कुणीही चालेल, हे मला पटत नाही. माणसं कमी आहेत म्हणून असलेल्यांना नीट शिकवा, त्यांची पायरी ठरवून द्या, वर जायला जिना ठेवा. सेंटरवरच्या त्या मुलीला दोन वर्षांत परवडेल असा, मराठीतून शिकता येईल असा, काम करता करता पुरा होईल असा रस्ता कुणी दाखवला असता तर ती नक्की गेली असती. अंगणवाडी सेविका आणि आशाताई या सगळ्यात कुठे बसतात, तर त्यांचं काम मूल ओळखून योग्य ठिकाणी पाठवण्याचं. ते त्या करतातच. थेरपिस्टचं काम वेगळ्या नावानं त्यांच्या डोक्यावर टाकू नका.

माझ्या मागण्या

1. दोन्ही यंत्रणांनी मिळून एकच शोधपान तयार करावं. नाव किंवा क्रमांक टाकला की ती व्यक्ती कुठल्या व्यवसायात, कुठल्या पात्रतेवर आणि कधीपर्यंत नोंदलेली आहे ते दिसावं. मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत, आणि मोबाइलवर उघडेल असं.

2. सहा वर्षांखालच्या मुलांसोबत काम करण्यासाठी मूळ नोंदणीवर वेगळी पात्रता-नोंद असावी. तिच्यासाठी या वयाच्या मुलांसोबत देखरेखीखाली केलेलं काम ठरावीक तासांचं असावं, आणि त्यातला ठळक वाटा तीन वर्षांखालच्या मुलांचा असावा. पालकांसोबत काम करताना प्रत्यक्ष पाहून मूल्यमापन व्हावं. नुसती लेखी परीक्षा नको. 'अर्ली इंटरव्हेन्शनिस्ट' हा गट नोंदवहीत आणावा.

3. सेंटरच्या दर्शनी भागात आणि प्रत्येक रिपोर्टवर काम करणाऱ्याचं नाव, पात्रता आणि नोंदणी क्रमांक. सहायक असेल तर 'सहायक' असं स्पष्ट, आणि पर्यवेक्षकाचं नाव.

4. बोलण्यात किंवा विकासात मागे पडलेल्या मुलाचं कुठलंही नियमित सेशन सुरू करण्याआधी श्रवण आणि दृष्टीची तपासणी झालेली आहे, हे फाइलमध्ये नोंदवणं बंधनकारक करावं. ही मागणी मान्य करायला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

5. आज नोंदणीशिवाय काम करणाऱ्यांसाठी मुदतीचा सेतू-अभ्यासक्रम. मुदतीत पुरा करणाऱ्याला सहायक म्हणून नोंद, न करणाऱ्याला थेरपीच्या नावाखाली काम करायला मनाई. खेड्यांतून येणाऱ्यांना फी माफ.

6. कलम 13 मधल्या दंडाच्या रकमेत वाढ करण्याची शिफारस परिषदेनं सरकारकडे करावी. नोंदणी नसलेल्यांविरुद्धची तक्रार परिषदेनं स्वतः घ्यावी आणि पुढे न्यावी. पालकानं पोलिसांत जाण्याची वेळ येऊ नये. तक्रार निवारण समितीत पालकांचे प्रतिनिधी असावेत, बोलावले जाणारे पाहुणे म्हणून नव्हे तर मत देणारे सदस्य म्हणून.

यातल्या प्रत्येक मागणीवर 'हो', 'नाही' किंवा 'अमुक तारखेपर्यंत' असं लेखी उत्तर मिळावं, ही विनंती. तुमच्यापैकी कुणाला पालकांशी बोलायचं असेल तर आम्ही येऊ. फाइली घेऊन येऊ. माझ्या फाइलमध्ये तो रकाना अजून आहे, 'हँड्स डाउन'पुढे 80 टक्के प्रगती लिहिलेला.

लेक आता अकरा वर्षांची आहे. यंत्र लावते, बोलते, भांडते. काही अक्षरं अजून निसटतात, त्यांवर काम चालू आहे. झोपताना यंत्र काढून ठेवलं की अजूनही कधीकधी माझ्या गळ्यावर हात ठेवते, आणि मी गात राहते.

बाकावर भेटलेल्या त्या आईचा नंबर मी घेऊन ठेवला आहे. तुमचं उत्तर आलं की तिला पाठवीन.

आपली विश्वासू,
एक आई